मोकळा सोडलेला गडी

सिद्धेशनं हेल्मेट वळवून स्टँडकडे पाहिलं, तशी नीलांबरीनं घाईघाईनं तोंडावर हसू आणलं आणि हात हलवला. पोराला काही कळता कामा नये. निदान मॅच संपेपर्यंत तरी.

बाबा रिगवर गेलेत, असं तिनं त्याला फोनवर ठोकून दिलं होतं. उल्हास तेलकंपनीत इंजिनीअर, सदा समुद्रात. त्यामुळे थाप सहज पचली. प्रत्यक्षात तो ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात पडून होता. फुप्फुसं कामातून गेली होती. तोंडावर मास्क बांधलेला, आणि शेजारचं मशीन त्या मास्कातून त्याला श्वास पुरवत होतं.

परीक्षेच्या तोंडावर घरातलं आजारपण पोराला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनीच रीत. इथं परीक्षा नव्हती, अमेरिकन फुटबॉल होता, एवढाच काय तो फरक. कॉलेजच्या टीममध्ये दोन वर्षं बाकावर बसून काढल्यावर सिद्धेश आज पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळत होता. मॅच झाली की त्याला गाडीत घालायचं आणि थेट बापाच्या उशाशी न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. तेवढा वेळ उल्हासनं तग धरावा, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

खरं तर तिला यायचंच नव्हतं. उल्हासच हट्टाला पेटला. मास्क बाजूला करून, दम खात खात म्हणाला, "तू स्टँडमध्ये दिसली नाहीस तर त्याला संशय येईल. जा तू. आणि शेवटपर्यंत थांब, अर्ध्यातून उठू नकोस." मग त्यानं तिच्याकडून केस विंचरून घेतले. आजारी माणसाला कसली ही हौस, असं म्हणून ती चिडलीसुद्धा.

इतक्या लांब एकटीनं ड्राइव्ह करायला नको, म्हणून मैत्रीण मृणालिनी आपणहून बरोबर आली होती. एरवी तिच्या तोंडाला खीळ म्हणून नसे. आज मात्र अख्ख्या रस्त्यात ती चार शब्द बोलली असेल तर शपथ.

मैदानावर समोरच्या टीमनं पुन्हा तोच डाव मांडला. झोन रीड. नीलांबरीला तो तोंडपाठ होता, कारण उल्हासनं डायनिंग टेबलवर वाट्या मांडून तो लेकाला शंभरदा शिकवला होता. ही वाटी क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा; ही त्याच्या शेजारचा, बॉल घेऊन पळणारा. क्वार्टरबॅक बॉल पळणाऱ्याच्या पोटाशी नेतो, पण सोडत नाही. आधी डिफेन्सच्या कडेच्या गड्याकडे बघतो. त्या गड्याला मुद्दामच कुणी अडवलेलं नसतं. तो पळणाऱ्याच्या मागे धावला, की क्वार्टरबॅक बॉल काढून घेतो आणि त्यानं सोडलेल्या जागेतून पसार होतो.

तो कडेचा गडी म्हणजे सिद्धेश. "तुला कुणी अडवत नाहीये ना, तेव्हाच सावध राहा," उल्हास बजावायचा. "अख्खा डाव तुझ्यावर डोळा ठेवून रचलेला असतो." तेव्हा नीलांबरी हसायची आणि वाट्या उचलून आमटी वाढायला घ्यायची.

आज पोरगा बापाचा शब्द पाळत होता. पळणारा समोरून सुसाट जायचा, सगळं स्टेडियम तिकडे बघायचं, आणि हा आपला जागच्या जागी. डाव संपला की स्टँडकडे मान वळवायचा. ती हात हलवायची. आईला किती शोधतोय लेकरू, असं वाटून तिला भरून यायचं.

हाफटाइमला तिनं धाकट्या दिराला, श्रीरंगला, फोन लावला. तो भावापाशी बसला होता. डॉक्टर येऊन गेले, तुम्ही मॅच बघा वहिनी, असं म्हणून त्यानं झटकन फोन ठेवला. डॉक्टर म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडे. बुधवारीच त्या डॉक्टरनं विचारलं होतं, पेशंटची इच्छा असेल तर मशीन थांबवायचं का? उल्हासनं होकारार्थी मान हलवली होती. पण ती मध्येच कडाडली, "मी इथे असेपर्यंत त्या मास्कला कुणी हात लावायचा नाही." पुन्हा विचारायची कुणाची बिशाद झाली नाही. उल्हासनंही नंतर तो विषय काढला नाही, आणि तिला हायसं वाटलं.

शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी परत तोच डाव टाकला. सिद्धेश हलला नाही. क्वार्टरबॅकनं बॉल काढून घेतला आणि वळला, तो थेट त्याच्या मिठीतच. मॅच जिंकली. पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली. सिद्धेश मात्र तिथेच गुडघा टेकून बसून राहिला. दमला असेल, असं नीलांबरी म्हणाली. मृणालिनीनं नुसता तिचा हात धरला.

तो कुंपणापाशी आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. नीलांबरीनं धीर एकवटला. इतका वेळ काळजावर ठेवलेला दगड आता तिला पेलवत नव्हता.

"सिद्धेश, बाबा रिगवर नाहीयेत. हॉस्पिटलमध्ये आहेत. घाबरू नकोस, पण लगेच निघू या. ते तुझी वाट बघतायत."

सिद्धेश हलला नाही. लहानपणापासून तिच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देणारा पोरगा, तो एकेक शब्द जुळवत मराठीत बोलायला लागला.

"आई, आता घाई नको. तू सकाळी निघालीस ना, त्यानंतर बाबांनी मास्क काढायला सांगितला. मी फोनवर होतो. ते म्हणाले, मॅच संपेपर्यंत आईला तिथेच थांबव."