घरचं गाडगं

नागेशने झाकण काढलं, बोटभर दही चाटलं आणि गाडगं खाली ठेवून हात जोडले. "आजबी आई येऊन गेली."

सृष्टी लेकीला कडेवर घेऊन दारातच थांबली. सासूबाई, बानूबाई, जाऊन दोन महिने झाले होते. विक्रीसाठी शेडमध्ये लावलेल्या चाळीस गाडग्यांत नुसतं आंबट पाणी होत होतं. इंदापूरच्या दोन हॉटेलांनी त्यांच्या कळस गावचं दही घेणं बंद केलं. बारामतीचं एकच गिऱ्हाईक उरलं होतं, तेही कुरकुरत. घरापुरतं लावलेलं हे एक गाडगं मात्र रोज घट्ट. रोज बानूबाईंच्या हातचं.

कामाच्या बायका आता स्वयंपाकघराकडे फिरकत नव्हत्या. "म्हातारी सुनेवर रुसलीया," त्या म्हणायच्या. "धंद्याला हात लावत न्हाय. नातीपुरतं लावून जाती."

रुसायला कारण होतं. शेतकी कॉलेजच्या लोकांनी या दह्याच्या चवीवर संशोधन करायचं ठरवलं, तेव्हा पहिली अट स्वच्छतेची होती. घरातल्या सगळ्यांच्या हातांवरून कापूस फिरवून त्यांनी नमुने नेले आणि हातमोज्यांची पेटी सृष्टीकडे दिली. तेव्हा बानूबाई विरजण बोटांनी चोळत होत्या.

"आई, आता उघडा हात घालू नका दुधात," सृष्टी बायकांसमोर म्हणाली.

"का गं? चाळीस वर्सानं माझा हात विटाळला व्हय?"

त्यांनी हात धुतला तो धुतलाच. पुन्हा दुधाजवळ गेल्या नाहीत. महिन्याच्या आत गेल्या.

दुपारी कॉलेजच्या मोना मॅडम अहवाल घेऊन आल्या. पहिलं पान न वाचताच त्या मुद्द्यावर आल्या.

"चूक आमची आहे. चव विरजणात नव्हतीच. बानूबाईंच्या बोटांवरचे जिवाणू ते दही लावत होते. मोजे आले आणि ते थांबले."

"म्हंजे आईसंगं गेलं सगळं," नागेश म्हणाला.

"नाही. ते आणखी एका हातावर सापडलेत. तुमच्या नाही, सृष्टीताईंच्या. वर्षानुवर्षं एकाच दुधात दोघींचे हात." मॅडम अडखळल्या. "पण यासुद्धा मोजे घालतात. मग घरच्या गाडग्यात ते येतात कुठून, हेच कळत नाही."

"तेच तर सांगतूय, मॅडम. आई येती."

सृष्टीने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

"ते पोरीचं गाडगं हाय," ती म्हणाली. "त्याला मी मोजे घालत न्हाय."