दुपारसाठी जागा

पडद्यावर बहात्तर टक्क्यांचा आकडा होता आणि फोरमनकाकांना तो फार आवडला होता. बाहेर मैदानात बॅटरीचे बारा कंटेनर एका रांगेत घरघरत उभे होते. रात्रभर वारं चांगलं होतं, पवनचक्क्यांनी भरभरून वीज दिली होती. भरल्या घराचं समाधान घेऊन काकांनी चहाचा कप उचलला, तोच टेबलावरचा फोन वाजला.

“साठवण केंद्र, कंट्रोल रूममधून बोलतेय. नऊ वाजले. अजून बहात्तर?”

“हो मॅडम.” काकांनी कप खाली ठेवला. “सगळं सुखरूप आहे.”

पलीकडची मॅडम म्हणजे काकांची सून. घरी ती त्यांना बाबा म्हणायची. पण या फोनवरचा शब्दन् शब्द रेकॉर्ड व्हायचा, म्हणून दोघंही आपापल्या कामाच्या दाराशी नातं चपलांसारखं काढून ठेवायची.

“सुखरूप नकोय, रिकामं हवंय. अकरापर्यंत पंधरावर आणा, असं मी सातलाच सांगितलं होतं.”

“आणत होतो की. मग म्हटलं, थोडं राहू द्यावं. अडीनडीला.”

फोनमध्ये एक सुस्कारा ऐकू आला. तो मॅडमचा नव्हता, सुनेचा होता.

काकांची एकतीस वर्षं समोरच्या जुन्या वीजघरात बॉयलरवर गेली होती. तिथे दोनच गोष्टी शिकले होते: आग विझू द्यायची नाही आणि कोळशाचा ढीग उतरू द्यायचा नाही. ढीग उंच, तर फोरमनची मान उंच. बॅटरी हाताने चालवून पाहायचा हा पहिला आठवडा. तिथे काकांना बसवावं का, यावर बराच खल झाला होता. “त्यांना जमेल, माझा शब्द,” असं मीटिंगमध्ये एकटी सूनच म्हणाली होती. हे तिने घरी सांगितलं नव्हतं, पण काकांना कळलं होतं.

“हे बघा,” ती म्हणाली, “तुम्ही वीज धरून बसलात म्हणून आत्ता बॉयलर पेटता ठेवावा लागतोय. दुपारी सोलरवाले वीज ओततील, तेव्हा ती ठेवायला तुमच्याकडे जागा नसेल. मग लख्ख उन्हात मला त्यांना सांगावं लागेल, बंद करा. सकाळी कोळसा जाळायचा आणि दुपारी ऊन फेकून द्यायचं, हे मी वर कोणत्या तोंडाने सांगू?”

“आणि ढग आले तर? संध्याकाळी लोकांनी बटणं दाबली आणि इथे ठणठणगोपाळ?”

“अंदाज स्वच्छ उन्हाचा आहे.”

“अंदाज!” काका हसले. “मॅडम, त्या अंदाजावर आमची मंडळी गाद्यासुद्धा उन्हात घालत नाही.”

“त्या घालतात. तुम्ही आत आणता,” मॅडम बोलून गेली आणि लगेच खाकरली. “ढग आलेच, तर बॉयलर गरम आहे तोवर तीन तासांत पुन्हा वर येतो. हे मला कुणी शिकवलं?”

काकांनीच शिकवलं होतं, रिकाम्या ताटात बोटाने रेघा ओढून.

“भरलेली घागर नळाखाली धरून काय उपयोग, बाबा?”

“रेकॉर्ड होतंय,” काका हळूच म्हणाले.

“होऊ दे.”

काकांनी मनात देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. सत्तर. पासष्ट. साठ. आकडा पन्नासखाली गेला तसा त्यांचा हात आपसूक थांबवायच्या बटणाकडे निघाला. तो त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला. तिसाला त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. विसाला त्यांनी खुर्चीच फिरवली आणि पडद्याला पाठ केली.

समोर बॉयलरच्या चिमणीचा धूर विरळ होत होता. कुठे काही बिघडलेलं नसताना, भर कामाच्या दिवशी, तो असा विरळ झालेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“बस जरा टेकून, म्हातारबा,” ते खिडकीतून म्हणाले.

अकरा वाजता आकडा पंधरावर येऊन थांबला. नंतर बराच वेळ काही हललं नाही. आभाळाच्या कडेला पांढऱ्या ढगाचा एक तुकडा आला. आवराआवर होण्याआधीच टपकलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसे काका त्याच्याकडे बघत राहिले. ढगालाही बहुधा ते कळलं. तो कडेकडेनेच निघून गेला.

सोळा.

काकांनी चष्मा पुसला. सतरा. अठरा. मग आकडा जिना चढणाऱ्या पोरासारखा पळायला लागला.

फोन वाजला. “केंद्र, येतंय का?”

“येतंय. नुसतं धो धो येतंय!”

“जागा पुरेल?”

“पाऊणच्या वर घर मोकळं आहे. पाठवा किती पाठवायचं ते.” ‘मोकळं’ हा शब्द काकांनी इतक्या तोऱ्यात आजवर कधी उच्चारला नव्हता.

“छान. आणखी काही?”

“एक आहे. संध्याकाळी घरातले सगळे दिवे लाव. मी आज मागोमाग बंद करत फिरणार नाही.” काकांनी घसा साफ केला. “माझ्या हातचं ऊन आहे ते.”