सहा इंच खोल

"दहा इंच नको. मला सहाच इंच खोल पाहिजे," असं म्हणत गंगाधर कर्णिकांनी खिशातली टेप काढली आणि समोरच्या सिंकमध्ये उभी धरली.

आकांक्षाला हसू आलं. दादरच्या या दुकानात ती सिंक विकायला लागली तेव्हापासून उथळ सिंक कुणी मागितलंच नव्हतं. हल्ली गिऱ्हाईक यायचं ते मोबाइलवर फोटो घेऊनच. खोल, चौकोनी, जमलं तर काळं. कुकर, कढई, सगळा पसारा आत गडप झाला पाहिजे, पाहुण्यांना दिसता कामा नये.

"काका, उथळ आता चालतच नाहीत. कंपन्यांनी बनवणंच कमी केलंय. भांडी मावत नाहीत त्यात."

"दोघांची भांडी ती असून असून किती?" कर्णिकांनी टेप गुंडाळली. "माझी बायको व्हीलचेअरवर असते. दिवाळीपासून. तिच्यासाठी ओटा खाली करून घेतोय. सिंक खोल असलं की खाली गुडघे जात नाहीत. खुर्ची आत सरकली पाहिजे."

आकांक्षाचं हसू ओसरलं.

"बाई येते ती केर-लादीपुरती. भांडी मीच घासतो, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण तिला असं बसून राहायला कसंतरी होत असणार. सगळं घर एकटीनं ओढलेली बाई. निदान स्वतःचं काम स्वतः करता आलं तर जरा उभारी येईल."

"काकू म्हणाल्या तसं?"

"बोलत नाही ती. पण मला कळतं ना."

आकांक्षा माळ्यावर चढली. जुन्या मालाच्या ढिगातून तिने एक स्टीलचं सिंक ओढून काढलं. एका कोपऱ्यात किंचित पोचा होता, बाकी धडधाकट. फडक्याने पुसून तिने ते खाली आणलं. कर्णिकांनी टेप लावली. बरोब्बर सहा.

"हेच! तिला जरा दाखवून येतेस? बाहेर टॅक्सीत बसलीय. खुर्ची डिकीतून काढायची म्हणजे पुन्हा सगळा व्याप."

फुटपाथला लागून टॅक्सी उभी होती. मागच्या सीटवर कालिंदीबाई बसल्या होत्या. आकांक्षाने सिंक खिडकीपाशी धरलं.

"काकू, काकांना हवं होतं तसंच मिळालं बघा."

कालिंदीबाईंनी सिंककडे पाहिलं. हात लावला नाही.

"सगळ्यांत खोल कितीचं येतं गं?"

"दहा इंच."

"मग ते दे."

"पण त्यात तुम्हाला घासता नाही येणार, काकू."

"म्हणूनच तर."

त्यांनी दोन्ही हात खिडकीवर ठेवले. नखं लांब होती आणि लालचुटुक रंगवलेली.

"लग्न झाल्यापासून या हातांना कधी नख वाढवता आलं नाही. माणसांनी भरलेलं घर, येणारे-जाणारे वेगळे. पाय लुळे पडले तेव्हा फार रडले मी, खोटं नाही सांगत. पण आता सकाळी आत हे भांडी घासत असतात आणि मी बाहेर चहा पीत सगळा पेपर वाचते. शब्दकोड्यासकट."

"मग सांगा ना त्यांना तसं."

"कसं सांगू? माणूस मायेनं करतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "तूच सांग काहीतरी. गळतंय म्हणावं."

माल खपवायला आकांक्षा रोज थोडंफार खोटं बोलायची. न खपवायला कधी बोलली नव्हती. सिंक कडेवर घेऊन ती आत गेली.

"सॉरी काका. याचा जोड खालून गेलाय. गळेल."

कर्णिकांचा चेहरा पडला. त्यांनी सिंक हातात घेतलं, उलटं केलं आणि खालच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं.

"कुठे?"

आकांक्षाने पोच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तिथेही बोट फिरवून पाहिलं. मग दुकानाच्या काचेतून बाहेर टॅक्सीकडे पाहत राहिले.

"बरं," ते म्हणाले.

सिंक खाली ठेवून ते दहा इंचीपाशी गेले. दोन्ही हात आत घालून वाकून पाहिलं. कंबर धरली तसे सरळ झाले, पुन्हा वाकले.

"पॅक कर हे."

खोकं टॅक्सीच्या कॅरिअरवर चढवून ड्रायव्हरने दोरी आवळली. कर्णिकांनी मागचं दार उघडलं.

"काय झालं हो?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"उथळ मिळत नाही म्हणे आता."

"अगंबाई. मग?"

"मग काय? ओटा खाली नाही करायचा. चार इंच वर घ्यायला सांगतो, म्हणजे मला वाकायला नको."

कालिंदीबाईंनी दोन्ही हातांनी आपले पाय एकेक करून उचलले, पलीकडे सरकवले आणि कर्णिकांना बसायला जागा केली.