डाव्या पायाची हाडं

नवा कृत्रिम पाय बनवायचा तर आधी माझी चाल मोजायला हवी होती. अंगभर चमकते गोळे चिकटवून मी सकाळपासून लॅबच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते आणि छताजवळचे कॅमेरे ते गोळे टिपत होते. गोळे माझ्या कृत्रिम पायावरही होते. मी पार वैतागले होते.

“ये, बघ स्वतःला,” लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या.

पडद्यावर एक सांगाडा चालत होता. माझ्यासारखाच, एका बाजूला किंचित झुकत. पण त्याच्या डाव्या गुडघ्याखाली नडगी होती, टाच होती, पाचही बोटं होती.

“अगं बाई, चुकलंच माझं! दोन पायांचं नेहमीचंच मॉडेल लावलं गेलं. थांब, काढते.”

“नका काढू,” मी एकदम ओरडले.

अपघात झाला तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून स्वप्नातसुद्धा तो पाय तेवढाच राहिला होता, चिमुकला, पैंजण घातलेला. आणि इथे तो उजव्याच्या बरोबरीने लांब टांगा टाकत होता. संगणकाने माझ्या उंचीवरून हिशेब करून त्याला वाढवलं होतं.

कोपऱ्यात बसलेल्या आईला मी हाताला धरून पडद्यासमोर आणलं. “आई, बघ ना, केवढा झालाय!”

आई पडद्याच्या अगदी जवळ सरकली. मग तिने हात पुढे केला आणि त्या पावलाला वीत लावून पाहिली.

“कपाटातलं ते पैंजण,” ती हळूच म्हणाली, “आता याला नाही व्हायचं गं.”