इंदूबाईंच्या चपला

“चपला द्या आई. इथं अनवाणीच चालतात,” मंदाकिनी म्हणाली.

इंदूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. गेली दोन वर्षं त्या चपला कुणाच्या हाती देत नसत. घरातसुद्धा दाराशी काढायच्या नाहीत. पिशवीत बांधून रात्री उशाशी घेऊन झोपायच्या. मुलगा शालिग्राम म्हणायचा, म्हातारपणाचं खूळ आहे, आपण कशाला बोला. आज मात्र नाइलाज होता. त्यांनी चपला काढल्या. मंदाकिनीनं त्या आपल्या झोळीत टाकल्या आणि चेन ओढली.

नव्या रायपुरातली ही बाग अनवाणी चालण्यासाठीच केलेली. एकच वळणावळणाची वाट. आधी हिरवळ, मग वाळू, मग धानाचा कोंडा, मग नदीतले गोटे आणि शेवटी काळ्या फरशीचा लांब पट्टा. पायांना जग कळू द्या, असं फलकावर लिहिलेलं. लोक इथं सकाळी येतात. मंदाकिनीनं मुद्दाम मे महिन्यातली दुपार निवडली होती.

दारावरचा माणूस म्हणाला, “दीदी, पत्थर तप गया है. अम्मा को शाम को लाना.”

“थोडा ही चलेंगी भैया. उनका बहुत मन है,” मंदाकिनी गोड हसून म्हणाली.

मन सासूचं नव्हतं, तिचं होतं. हे राज्य नवीन झालं त्या वर्षी ती लग्न होऊन रायपूरच्या रेल्वे क्वार्टरात आली. तशाच एका मे महिन्यात गोंदियाहून निरोप आला, बाबा सिरियस आहेत. घरी पाहुणे होते. ‘परवा जाजो,’ म्हणत सासूनं तिच्या चपला अलमारीत घातल्या आणि किल्ली कमरेला खोचली. ती तशीच निघाली. भर उन्हात, डांबरावरून, अनवाणी स्टेशनापर्यंत. गोंदियाला पोचली तेव्हा बाप तिरडीवर होता आणि तिला पाय टेकवत नव्हता. लोक म्हणाले, पोरीला दुःखानं चालवेना. सासूनं पुढं कधी तो विषयही काढला नाही.

मंदाकिनीनं ती जळजळ इतकी वर्षं जपून ठेवली होती. तिला सासूचा जीव नको होता. फक्त एकदा तिच्या तोंडून ‘आई गं’ ऐकायचं होतं आणि मग शांतपणे विचारायचं होतं, कसं वाटते?

ती कडेच्या सावलीतून, पायात चपला घालून, सोबत चालत राहिली. हिरवळ संपली. वाळूत इंदूबाई गप्प. कोंड्यातही गप्प. गोट्यांवर त्या डगमगल्या, पण मंदाकिनीनं हात दिला नाही. मग काळी फरशी आली. इंदूबाई तिच्यावर चढल्या आणि संथपणे चालू लागल्या. अर्ध्या वाटेत चक्क थांबल्या. पदर सारखा केला. समोरच्या झाडावरचं पाखरू पाहत उभ्या राहिल्या.

मंदाकिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. ही बाई मरेल, पण मला तेवढंही सुख देणार नाही. मुळात फरशी तापलीच नसेल, असं वाटून तिनं चप्पल काढून एक पाय ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. चुलीवरचा तवा बरा.

आता मात्र ती घाबरली. दंडाला धरून तिनं सासूला सावलीत ओढलं, बाकावर बसवलं आणि खाली वाकली. तळवे लालबुंद झाले होते. अंगठ्याखाली टरारून फोड आला होता. इंदूबाईही वाकून पाहत होत्या, दुसऱ्या कुणाचे पाय पाहावेत तशा.

“आई, तुम्हाले भाजलं नाही?”

“मले कुठं काय समजते? शुगरनं पाय खाल्ले. दोन साल झाले.”

“मग सांगितलं काहून नाही घरात?”

इंदूबाई झोळीकडे पाहत होत्या. सगळ्या वाटेनं त्यांची नजर तिथंच वळत होती, हे मंदाकिनीला आत्ता आठवलं.

“सांगितलं असतं तर पायाचं निमित्त करून तू मले घरात बसवलं असतं,” त्या म्हणाल्या. “चपला अलमारीत अन् किल्ली तुह्या कमरेले. आज घेते का उद्या घेते, हेच भेव. म्हणून तर उशाशी घेऊन निजते.”