इब्रीचे कायदे

“आणि मोठ्यानं बोललेलं चालते काय तिथं?” मेथी निवडता निवडता बेबीताईनं सुनेला विचारलं.

“अजिबात नाही,” भूमिका म्हणाली. “शेजारचे लगेच तक्रार करतात.”

“आपल्याच घरात बोललं तरी?”

“आपल्याच घरात, आई.”

भूमिकानं नवऱ्याकडे पाहिलं. गौरव मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता, पण कान इकडेच होते.

दोघं ओमानात इब्री नावाच्या गावी एका भारतीय शाळेत शिकवत. भूमिका मुलींना गणित, सकाळी. गौरव मुलांना केमिस्ट्री, दुपारी. मुलं-मुली एकत्र बसत नसत, म्हणून हे नवराबायकोही एकमेकांना सापडत नसत. ती घरी यायची तेव्हा हा बूट घालत असायचा. हाती लागायचा तो एक शुक्रवार. दुपारपर्यंत गाव बंद, सगळे नमाजाला, आणि ही दोघं पडदे ओढून आपल्या दोन खोल्यांत लोळायची. दार वाजवणारं कोणी नाही.

लांब बाह्यांचे कुर्ते, रमजानात बाहेर पाण्याचा घोटही नाही, यातलं काही भूमिकाला जड गेलं नव्हतं. जड गेलं होतं लग्नानंतरचं वर्ष, इथं भिलाईत, नेहरू नगरातल्या सासरी. सासूबाई न विचारता खोलीत यायच्या, पलंगाच्या कडेवर टेकायच्या आणि म्हणायच्या, “बोला बोला, माह्यं काही नाही.”

आता दोघं सुटीत भिलाईला आले, आणि पहिल्याच जेवणाला बेबीताईनं जाहीर केलं, “आमचे दोघांचे पासपोर्ट आले. सोनू ट्रॅव्हल्सवाला व्हिसाचं पाहून राहिला. मी म्हणते, दोन-तीन महिने तुमच्यापाशीच राहीन.”

भूमिकाचा घास तोंडातच राहिला.

“तू नाही म्हण,” खोलीत गेल्यावर ती गौरवला म्हणाली.

“आईले? मी?”

“मग तू नको म्हणू. तो देशच नाही म्हणेल.”

तेव्हापासून बेबीताईच्या स्वयंपाकघरात ओमान रोज थोडा थोडा कडक होत गेला. इब्रीच्या लोकांनी ऐकलं असतं तर त्यांनीच कपाळावर हात मारला असता.

“पत्ते तरी खेळतात का?” बेबीताईनं विचारलं. तिच्या भिशीत रमी चालायची, हे भूमिकाला पक्कं ठाऊक होतं.

“घरात पत्ते सापडले तर दंड.”

“अन् ओट्यावर चार जण गप्पा मारत बसले तर?”

“पोलिसांची गाडी थांबते.”

“बेबे, चहा!” बाहेरच्या खोलीतून सासरे, मारोतराव, ओरडले. सगळी नोकरी पोलाद कारखान्यात रोलिंग मिलच्या खडखडाटात गेली, त्यामुळं त्यांना हळू बोलताच येत नसे. रिटायर झाल्यापासून त्यांचे दोस्त देवाजी आणि शेषराव सकाळीच येऊन बसत आणि पंखा, टीव्ही, राजकारण सगळं एकदम चालू होई. बेबीताई उठली, चहा देऊन आली आणि परत मेथी घेऊन बसली.

“घरी आलेल्या माणसाले चहा तं पाजतात ना?”

“पाहुणे येतच नाहीत, आई. आधी परवानगी काढावी लागते.”

“अन् भाजीबाजार?”

“घरात जो रिकामा आहे त्यानंच जायचं. रोज. ऊन चढायच्या आत.”

आता गौरवलाही चेव आला. “साठीच्या वरच्या माणसाले रोज पाच किलोमीटर चालणं कंपल्सरी आहे,” तो म्हणाला.

भूमिकानं त्याला चिमटा काढला. हे जरा जास्तच झालं होतं.

“कोण पाहते चालला का नाही चालला ते?” बेबीताई म्हणाली.

“नगरपालिकेचा माणूस येते.”

बेबीताईच्या हातातली काडी तशीच राहिली. “बाप्पा,” ती हळूच म्हणाली. “पोट्टेहो, तुम्ही राहता कसे तिथं?”

“सवय होते,” भूमिका म्हणाली. तिला थोडी लाजही वाटली.

त्यानंतर बेबीताई भांडी घासता घासता मध्येच थांबायची. एकदा विचारलं, “जेवणात मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं तर?” भूमिकानं नुसतं डोळे मोठे करून मान हलवली. एकदा, “दुपारी तीन तास झोपलं तर?” तेव्हा गौरवनं सांगितलं की दुपारी पलंग उभा करून ठेवावा लागतो.

निघायच्या आठवड्यात बेबीताई फोनवर बोलताना दोघांनी ऐकलं. “सोनू, माह्या व्हिसाचं राहू दे रे. मले नाही जमायचं ते.”

गौरवनं आत जाऊन दार लावलं आणि दोघं उशीत तोंड खुपसून हसले. मग भूमिकाला वाईट वाटलं. तिनं सासूसाठी निळी साडी आणली. बेबीताईनं ती छातीशी धरली आणि म्हणाली, “गुणाची आहेस, बाई. सगळं खरं खरं सांगितलं म्हणून बरं झालं.”

रायपूर विमानतळासाठी टॅक्सी आली. गौरवनं सामान डिकीत टाकलं. मारोतराव इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बांधून बाहेर आले आणि काही न बोलता मागच्या सीटवर जाऊन बसले. फाटकाशी देवाजी आणि शेषराव मयतीला उभे राहावे तसे उभे होते.

“बाबा, एवढ्या उन्हात विमानतळापर्यंत कायले येता?” गौरव म्हणाला.

मारोतरावांनी पोराकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

बेबीताई निळी साडी नेसून आतून आली. एक जाडजूड बॅग तिनं स्वतः डिकीत दाबून बसवली, पासपोर्ट अन् तिकीट गौरवच्या खिशात घातलं आणि भूमिकाच्या गालावरून हात फिरवला.

“सध्या महिन्याचाच व्हिसा भेटला यांचा,” ती म्हणाली. “पण सोनू म्हणे, तिथं गेल्यावर वाढवता येते.”