कांद्याच्या वाफ्यातला आवाज

मंजुळाबाईनं जन्मभर युरियाची रिकामी पोती गावतळ्यातच धुतली, सगळ्यांसारखी. यंदा तळं हिरवंगार होऊन नासलं. मासे पहाटेला वर येऊन पच् पच् तोंडं उघडत-मिटत राहिले आणि आठवड्यात सारे मेले. तिच्या नवऱ्यानं, तुळशीरामनं, ते कांद्याच्या वाफ्यात पुरले. "खत होते," म्हणाला.

तेव्हापासून पहाटेला वाफ्यातून तोच आवाज यायचा. पच्. पच्.

आज तो आवाज ओसरीवरून आला. तुळशीराम आभाळाकडे तोंड करून बसला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"काऊन हो, काय होऊन राह्यलं?"

"हवा पुरून नाही राह्यली," तो कसाबसा म्हणाला. "तुले पुरते का?"

"हाव, पुरते," म्हणायला तिनं तोंड उघडलं. ते मिटलं. पुन्हा उघडलं.